कॅमेऱ्यावरचं कुंकू

"या ताई, बघा. आमच्या विभागाची लक्ष्मी आहे ही," असं म्हणून त्या शिपाईभाऊंनी काचेचं कपाट उघडलं, आणि मी खरोखरच हात जोडले.

आत निळ्या मखमलीवर कॅमेरा बसवला होता. चांगला थोरला, खांद्यावर घ्यायचा. त्याच्या कपाळावर, म्हणजे भिंगाच्या वरच्या बाजूला, कुंकवाची पाच बोटं ओढलेली. मध्ये दोन अक्षता अजून चिकटून होत्या. मुठीपाशी आपट्याचं एक पान खोचलेलं.

"दसऱ्याला पूजा करता वाटतं?" मी विचारलं.

"दरसाल. सरांच्या हस्ते. आरती असती, पेढे असत्यात. आमच्यात कधी चुकायचं नाही."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. चार दिवस माझ्या जिवाला घोर लागला होता. सिनेमाचं शिक्षण म्हणजे कसली माणसं असतील, कसलं वळण असेल. आणि इथे तर यंत्रालाही देव मानणारी माणसं होती.

"मी हातात घेऊन बघू का?" मृदुलानं विचारलं.

"आत्ता नाही, बाळ. दुसऱ्या वर्षाला. अन् ते पण सर असताना." त्यांनी दार लावलं आणि काचेवर उमटलेलं बोट उपरण्यानं पुसलं. बोट मृदुलाचंच होतं.

मृदुला माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती. माझे हात अजून जोडलेलेच होते. ती गप्प बसली.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. आम्ही तेव्हाही बार्शीतच राहत होतो. ह्यांची पिठाची गिरणी होती, अजून आहे. मृदुला आमची एकुलती एक. बी.एस्सी. झाली आणि एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, मला सिनेमाचा कॅमेरा चालवायचाय. त्याचंच शिक्षण घेणार." ह्यांनी ताट सरकवलं. तीन आठवडे घरात बापलेक एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "तिला सांग, मीठ पाहिजे." "त्यांना सांग, मीठ समोरच आहे." सकाळी माझं मौन असतं, त्यामुळे नैवेद्य होईपर्यंत दोघांचीही पंचाईत व्हायची.

ते मौन माझा रोजचा नेम. उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही. तेव्हा त्याला बारा वर्षं होत आली होती. कशासाठी धरलं ते देवाला एकदा सांगितलंय, परत सांगत नाही.

शेवटी हे म्हणाले, "ठीक आहे. पण कुठल्या तरी दुकानदारी संस्थेत नाही. सरकारी विद्यापीठ, रीतसर पदवी. आणि हिला जिथं बरं वाटेल तिथंच. पोरगी परगावी ठेवून हिला रात्री झोप लागली पाहिजे."

"चालेल," मृदुला म्हणाली. "आई म्हणेल तिथं. शब्द."

"आई म्हणेल तिथं," ह्यांनीही म्हटलं, आणि सगळं ओझं माझ्या डोक्यावर आलं. मी कधी साडीचा रंगसुद्धा स्वतः निवडत नाही, दुकानदाराला म्हणते, तुम्हीच द्या.

दोन विद्यापीठांत तिची निवड झाली. दोन्ही मोठी, दोन्ही जुनी, शेकडो एकरांची. नावं सांगत नाही, आमच्या घरात त्यांना नावं पडली होतीच. एकाच्या दारात दगडी कारंजं होतं, ते 'कारंजं'. दुसरं गावाबाहेर उजाड माळावर होतं, तो 'माळ'. आमच्या गावाहून कारंजं पश्चिमेला, माळ पूर्वेला. दोन्हीकडे जाऊन मी डोळ्यांनी बघायचं आणि सांगायचं, असं ठरलं.

कारंज्याच्या त्या काचेच्या कपाटाचं तर मी आधी सांगितलंच. तिथले सरही भले होते. बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला. भिंतीवर तसबिरी, फरशी आरशासारखी. मुलींचं वसतिगृह आवारातच, आणि रेक्टरबाई तर माझ्या माहेरच्या, मोहोळकडच्या निघाल्या. निघताना मी मृदुलाला म्हटलं, "कसं वाटलं?"

"छान आहे," ती म्हणाली. तिचं 'छान' मला ओळखू यायला हवं होतं. न आवडलेल्या भाजीलाही ती छानच म्हणते.

माळावर आम्ही दोनच दिवसांनी गेलो. बसमधून उतरून दोन किलोमीटर चाललो. विभाग म्हणजे पत्र्याची लांबलचक इमारत. दारात चपला अस्ताव्यस्त पडलेल्या, आत कुणी मोठं माणूस नाही. एक मुलगी जमिनीवर बसून एका लोखंडी पेटीवर कागद पसरून भेळ खात होती. कोपरावर खरचटल्याची खपली. आम्हाला बघून उठली नाही, नुसती सरकली.

"या काकू, बसा. भेळ?"

"नको गं, उपास आहे. सर नाहीत का?"

"सर पोरांबरोबर बाजारात गेलेत. शूटिंगला. संध्याकाळी येतील."

मृदुला भिंतीशी गेली. तिथे एक लाकडी कपाट होतं, दार सताड उघडं, आणि तीन खण, तिन्ही रिकामे. एवढं मोठं विद्यापीठ आणि कपाटात धूळ.

"कॅमेरे कुठायत?" मृदुलानं विचारलं.

"बाहेर. तीन आहेत, तिन्ही बाहेर. इथं कॅमेरा बघायचा असला तर पहाटे यायला लागतंय, तेवढाच वेळ झोपायला येतात ते." ती हसली. "माझी पाळी उद्या. बघ, दारावर लावलंय."

दारावर मळका तक्ता होता. नावं, वार, वेळा. खोडलेलं, परत लिहिलेलं. मृदुला त्याला नाक लावून वाचत बसली.

तेवढ्यात दोन मुलं आली, घामानं थबथबलेली, एक कॅमेरा घेऊन. मूठ काळ्या चिकटपट्टीनं गुंडाळलेली, पट्ट्याला सुतळीची गाठ. मुलानं तो भेळेच्या कागदाशेजारीच ठेवला. माझ्यानं राहवलं नाही.

"अगं, तुम्ही दसऱ्याला याची पूजा वगैरे करत नाही का?"

"करतो की काकू!" मुलगी म्हणाली. "पण कुंकू टिकतंय कुठं? तासाभरात सगळं आमच्याच हाताला."

मुलं हसली. मला ते हसणं लागलं. ज्याच्यावर पोट भरायचं त्याच्यावर कुंकूसुद्धा टिकू देत नाहीत, असं मनात आलं. बाहेर आल्यावर मी भराभरा चालायला लागले. मृदुला मात्र वळून वळून त्या पत्र्याच्या इमारतीकडे बघत होती.

"आई, तुला कसं वाटलं?"

"बघू गं," मी म्हटलं.

रात्री जेवण झाल्यावर ह्यांनी विचारलं, "मग? काय ठरलं?"

"कारंजं," मी म्हणाले. "तिथे माणसं देवाधर्माची आहेत. पोरगी तिथे जपली जाईल."

ह्यांनी मान हलवली. मृदुला ताटं उचलत होती. क्षणभर थांबली, मग म्हणाली, "बरं."

तिनं वाद घातला असता तर मला आवडलं असतं. पण तिनं शब्द दिला होता, आणि शब्दाला जागायचं मीच तिला शिकवलं होतं.

मूळ कागद द्यायचा दिवस गुरुवारी होता. दोन्हीकडे तीच शेवटची तारीख. एकदा गुणपत्रिका, दाखले एका ठिकाणी जमा केले की दुसरीकडचा रस्ता बंद. सकाळी नऊच्या एस.टी.नं बापलेक कारंज्याला जाणार होते.

मी पुरणाचा नैवेद्य धरला होता. लेक नव्या वाटेला लागते, देवाला गोड नको? पण पुरण शिजून खाली उतरेतो साडेआठ झाले. नैवेद्य व्हायचा होता म्हणून मी मुकीच. मृदुलाच्या तळहातावर दही ठेवलं, तिनं ते खाल्लं, वाकून नमस्कार केला. तिच्या काखेत कागदांची निळी पिशवी. हे म्हणाले, "अगं, प्रसाद संध्याकाळी खाऊ आम्ही." मी हातानं 'या' म्हटलं. स्कूटर गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

मी आत आले, पुरण मिक्सरमध्ये घातलं, बटण दाबलं, आणि वीज गेली. त्या वर्षी भारनियमनाचा नुसता उच्छाद होता. कधी जाईल आणि कधी येईल, देवाला माहीत. थांबले असते तर देव दुपारपर्यंत उपाशी राहिले असते. म्हणून ओट्याखालचा पाटा ओढला. मिक्सर आल्यापासून त्याच्यावर कुणी काही वाटलं नव्हतं. वर गोणपाट टाकलेला होता, तो काढला.

पाट्यावर कुंकवाची पाच बोटं होती.

दसऱ्याला मीच ओढलेली. जशीच्या तशी. अक्षताही होत्या, वाळून कोरड्या झालेल्या. मी फडकं ओलं करून पुसायला घेतलं, कुंकू ओलं झालं आणि दोन्ही तळवे लाल झाले. त्याच दिवशी, त्याच वाटीतलं कुंकू मी विळीलाही लावलं होतं. विळी शेजारीच पडली होती. तिच्यावर काहीच नव्हतं. कसं असेल? दसऱ्याच्या दुपारीच त्या विळीवर मी भोपळा चिरला होता.

मी तशीच बसून राहिले. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. मी बोटांवर मोजायला लागले. ज्येष्ठापर्यंत आले. नऊ महिने. काचेच्या कपाटातलं ते कुंकू, त्या दोन अक्षता, ते आपट्याचं पान. नऊ महिन्यांत कुणाच्या हाताचा घामसुद्धा त्याला लागला नव्हता.

आणि ती भेळ खाणारी मुलगी काय म्हणाली होती?

मी देवघराकडे बघितलं. बारा वर्षं मी तिथे बसून गप्प राहिले होते. घड्याळात नऊला बारा कमी. घरात मौनासाठी पाटी-पेन्सिल होती, कधी काही निकडीचं असलं तर मी लिहून दाखवायची. ती उचलली आणि निघाले. चपला घालायचं भान राहिलं नाही. स्टँड आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. मी पदर खोचला आणि पळाले. चाळिशी ओलांडलेली बाई, अनवाणी, हात लाल, काखेत पाटी. पानवाला उठून उभा राहिला. शेजारच्या शकुंतलाबाई भाजी घेऊन येत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं बाई, कुणाला लागलं?" मी मानेनंच नाही म्हटलं आणि पुढे.

स्टँडवर पोहोचले तेव्हा कारंज्याची गाडी फलाटावरून मागे सरत होती. कंडक्टरची शिट्टी चालू. मृदुला पलीकडच्या खिडकीत होती, तिची वेणी दिसत होती मला. मी पाटी वर धरली. पाटीवर काय लिहिणार? काही लिहायला वेळच झाला नव्हता. कोरी पाटी मी एस.टी.ला दाखवत होते. टाळ्या वाजवल्या. एंजिनाच्या आवाजात टाळ्या कोण ऐकतो? गाडी वळली आणि तिचं तोंड फाटकाकडे झालं.

"मृदुलाऽऽ!"

माझाच आवाज, पण मला ओळखू आला नाही. फलाटावरची कबुतरं उडाली. शेंगा विकणारी बाई टोपली धरून मागे सरकली. गाडी थांबली.

खिडकीतून मृदुलाचं डोकं बाहेर आलं. "आई! तू बोललीस!"

हे दारातून अर्धे बाहेर आले, चेहरा पांढराफटक. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. खाली उतरा दोघं."

"हातांना काय झालंय तुझ्या?"

"कुंकू आहे. उतरा आधी."

कंडक्टर म्हणाला, "मावशी, आधीच उशीर झालाय. उतरायचंय का बसायचंय, काय ते एक ठरवा."

"ठरलं बाबा," मी म्हटलं. "उतरायचंय."

दोघं उतरले. गाडी गेली. आम्ही शेंगावालीच्या शेजारच्या बाकावर बसलो. मला धाप लागली होती. मृदुलानं तिच्या बाटलीतलं पाणी पाजलं.

"त्या कॅमेऱ्याला," मी म्हटलं, "दसऱ्यापासून कुणी हात लावलेला नाही."

"कुठल्या कॅमेऱ्याला?" हे म्हणाले.

"कारंज्याच्या. त्याच्यावर दसऱ्याचं कुंकू होतं हो. अक्षतांसकट. मला वाटलं, केवढी भक्ती. आज पाटा काढला तर त्याच्यावर तसंच कुंकू. आणि विळी स्वच्छ. रोजच्या वापरातल्या जिनसेवर कुंकू राहतं का नऊ महिने?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या तळव्यांकडे. गिरणी चालवणारा माणूस. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"माझ्या जात्यावरचं दिवेलागणीपर्यंतसुद्धा राहत नाही," ते हळू म्हणाले. "पट्टा फिरला की गेलं."

मृदुला खाली बघत होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. त्याचं चालू करायचं बटण असतं ना, त्याच्यावरूनच कुंकवाचं बोट गेलं होतं. सलग. फुटलेलं नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हात जोडले होतेस, आई." तिनं मनगटानं डोळे पुसले. "इतक्या दिवसांनी तुझ्या तोंडावर जरा बरं वाटल्यासारखं दिसत होतं. ते पुसून मी काय सांगू? की तू नमस्कार करतेयस ते नुसतं ठेवून दिलेलं यंत्र आहे? आणि शब्द दिला होता ना."

मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता, पण हात लाल होते. तरी फिरवला. तिच्या पांढऱ्या कुडत्यावर पाच बोटं उमटली.

"आता गेला माझा कुडता," ती रडता रडता हसली.

"राहू दे. माळावर गेल्यावर काय टिकणार आहे तो?" मी म्हटलं.

ती एकदम उठली. "माळ? खरंच?"

"मग मी अनवाणी कशाला आले इथवर?"

हे चौकशीच्या खिडकीकडे गेलेसुद्धा होते. तिथूनच ओरडले, "पूर्वेची गाडी नऊ चाळीसला! तीन नंबरला! चारपर्यंत कागद घेतात ना गं ते?"

"पाचपर्यंत," मृदुला ओरडली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, तुझा आवाज केवढा आहे गं! एवढी वर्षं कुठं ठेवला होतास?"

"कपाटात," मी म्हणाले.

नऊ चाळीसची गाडी दहाला सुटली. मी मोठ्यानं अच्छा केला, आता मौन मोडलंच होतं तर कशाला काटकसर? मग अनवाणीच घरी आले. आता पायांना खडे टोचायला लागले, जाताना एकही टोचला नव्हता.

पाटा धुतला, पुरण वाटलं. वरवंटा फिरवायची सवय मोडली होती, खांदे भरून आले. नैवेद्याला साडेअकरा वाजले. देवापुढे बसून म्हटलं, चुकले. उद्यापासून पहिला दिवस धरते. रागावायचं असेल तर मला रागवा, तिच्या गाडीला उशीर करू नका. खरं सांगते, मनाला टोचणी लागेल असं वाटलं होतं. लागली नाही. उलट किती दिवसांनी छाती भरून श्वास आला.

संध्याकाळी फोन वाजला.

"दिले कागद," मृदुला म्हणाली. "पोहोच मिळाली. आज सर होते. त्यांनी बाबांना भेळ खायला बसवलंय. पेटीवर."

"बाबा बसले?"

"मांडी घालून. गिरणीचा पट्टा कसा बदलतात ते मुलांना सांगतायत, आणि एक जण त्यांचं शूटिंग घेतोय."

मी देवापुढे साखर ठेवली.

मृदुला आता ज्या कामासाठी गेली होती तेच काम करते. कारंज्यातूनही पुढे चांगली मुलं तयार झाली असतील, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. देवाला कुठे राहायचं ते त्याचं तो बघतो. मी तेव्हापासून एवढंच करते, की दसऱ्याची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी न चुकता पाट्यावर चटणी वाटते, वीज असली तरी.

माळावरच्या तिच्या पहिल्या दसऱ्याला ती घरी आली नव्हती, चित्रीकरण होतं. दुपारी तिचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज, कुणीतरी तिच्या नावानं हाका मारत होतं.

"पूजा केली का गं कॅमेऱ्याची?" मी विचारलं.

"सकाळीच. पाच बोटं ओढली, तुझ्यासारखी. अक्षतापण लावल्या."

"मग? राहिलंय का कुंकू?"

ती क्षणभर थांबली. हात बघत असावी.

"नाही गं आई. सगळं माझ्या हातालाच आलं."

"बरं झालं," मी म्हटलं. "जा, ते हाका मारतायत."